संख्याशास्त्राची सुरुवात करताय? या चुका टाळा

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात मुलं गणितात फारशी चुकत नाहीत. बेरीज, भागाकार, वर्गमूळ हे सगळं संगणक बिनचूक करतो. चुकतं ते त्याच्या आधी. आकडा कुठून आला, कोणी मोजला, कशासाठी मोजला हे न विचारता सूत्र लावलं जातं. माझ्याकडे प्रकल्प दाखवायला येणाऱ्या मुलांच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं त्याच त्या चुका दिसतात, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

मोठा आकडा दिसला की खोडणं

या चुकीची मला सर्वांत जास्त चीड आहे, म्हणून तिला जास्त जागा देते.

एका मुलीचा प्रकल्प मुंबईच्या पावसावर होता. सांताक्रूझ वेधशाळेचे अनेक वर्षांचे रोजचे आकडे तिने चिकाटीने जमवले होते. आलेख सुबक, तक्ते नीटनेटके. पण एका दिवसातला सर्वांत जास्त पाऊस म्हणून तिने दिलेला आकडा जुलैतल्या कुठल्याही साध्या दिवसाला शोभेल एवढाच होता. मी विचारलं, "२००५ कुठे गेलं?" ती म्हणाली, "मॅडम, तो आउटलायर होता, बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा. काढून टाकला."

२६ जुलै २००५ चा पाऊस काढून टाकला! सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तिची बाजू मी नीट ऐकून घेतली, कारण तिला तीन गोष्टी खटकल्या होत्या आणि तिन्ही शिकण्यासारख्या आहेत. पहिली, आकडा अवाढव्य होता. दुसरी, तो २६ तारखेसमोर नव्हता, २७ समोर होता. तिसरी, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास नोंद होती. म्हणजे आकडा चुकला, तारीख चुकली आणि शेजारची वेधशाळाही दुजोरा देत नाही, असा तिचा समज झाला.

प्रत्यक्षात तिन्ही नोंदी बरोबर आहेत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो, म्हणून २७ जुलै. आणि त्या दिवशी पाऊस खरोखरच उपनगरांवर कोसळला, दक्षिण मुंबईत त्या मानाने फार कमी पडला. ज्यांच्या घरातले लोक त्या रात्री कलिन्याहून, कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले, त्यांना हे सांगावं लागत नाही.

तिने वापरलेला नियम पुस्तकातलाच होता: तिसऱ्या चतुर्थकाच्या (ज्याच्या खाली तीन-चतुर्थांश आकडे येतात) वर, पहिल्या (ज्याच्या खाली एक-चतुर्थांश येतात) आणि तिसऱ्या चतुर्थकांमधल्या अंतराच्या दीडपटीहून लांब असलेला आकडा वेगळा काढायचा. हा नियम अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा. तो अशा आकड्यांकडे नीट बघा म्हणून सांगतो. खोडा असं कुठेही सांगत नाही. शिवाय मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस पाऊस शून्य असतो. अख्ख्या वर्षाचे आकडे एकत्र घेतले तर तिसरा चतुर्थकच इतका खाली येतो की पावसाळ्यातले नेहमीचे जोराचे दिवससुद्धा त्या मर्यादेबाहेर पडतात. तिने एक दिवस काढला नव्हता, मुंबईचा जवळजवळ सगळा खरा पावसाळाच काढला होता.

माझी सवय सांगते. रकाना चढत्या क्रमाने लावायचा, वरचे दहा आणि खालचे दहा आकडे कागदावर उतरवायचे आणि प्रत्येकापुढे हा असा का, ते पेनाने लिहायचं. ९४.४ च्या जागी ९४४ टाइप झाल्याचा पुरावा मिळाला तर दुरुस्त करायचं आणि अहवालात तसं नोंदवायचं. पुरावा नसेल तर आकडा राहतो. फार शंका असेल तर त्या आकड्यासह आणि त्याच्याशिवाय अशी दोन्ही उत्तरं द्यायची. याला अर्धा तास लागतो. "पाच मिनिटांत डेटा स्वच्छ करा" असं शिकवणाऱ्या व्हिडिओंवर माझा राग आहे तो या अर्ध्या तासासाठी.

सरासरी आणि मध्यक

"टोकाचे आकडे असतील तर मध्यक घ्या" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. बरोबरही असतं, पण अर्धंच. लालबाग-परळकडे बघा. चाळीत पागडीच्या खोल्या आणि भिंतीला भिंत लावून टॉवर. समजा दहा घरं घेतली: सहा खोल्यांचं भाडं महिना ५०० रुपये, चार फ्लॅटचं १ लाख. सरासरी येते ४०,३०० आणि एवढं भाडं त्यातलं कोणीच देत नाही. मध्यक येतो ५०० आणि टॉवर जणू अस्तित्वातच नाही. इथे कुठलाही एक आकडा पुरणार नाही, कारण हे दोन वेगळे गट आहेत. आधी प्रत्येक आकड्यासाठी आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्या. ठिपक्यांचे दोन ढीग दिसले की दोन्हींबद्दल वेगवेगळं लिहा. मी अजूनही हे हातानेच करते.

सरासरींची सरासरी

२०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ होत्या, उपनगर जिल्ह्यात ८६०. "मग बृहन्मुंबईत?" असं विचारलं की वर्गातून चटकन उत्तर येतं, ८४६. खरं उत्तर ८५३ आहे. शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास, उपनगराची ९३ लाखांच्या वर. तिप्पट माणसं असलेल्या जिल्ह्याला समान वजन कसं देणार? मूळ संख्या मिळत असतील तर बेरजेवर जा: सगळ्या स्त्रिया भागिले सगळे पुरुष, गुणिले हजार. मूळ संख्या मिळत नसतील तर गटांच्या आकाराचं वजन द्या. तेही नसेल तर उत्तर देऊ नका. हीच चूक तुकड्यांच्या सरासरी गुणांवरून कॉलेजची सरासरी काढताना होते.

नमुना: कोण सुटलं?

व्हॉट्सअॅपवर मित्रांना फॉर्म पाठवायचा, दोनशे उत्तरं आली की वर "मुंबईकरांचं मत" असं शीर्षक द्यायचं. हे बंद करा. दोनशेऐवजी वीस हजार उत्तरं आली तरी ते मित्रांचं आणि मित्रांच्या मित्रांचंच मत राहतं. नमुना मोठा केल्याने एकतर्फीपणा जात नाही.

पद्धतशीर निवड करूनही पूर्वग्रह शिरतो. दोन लोकल घ्या, एकीत ४,००० प्रवासी, दुसरीत १,०००. रेल्वेच्या हिशोबाने गाडीमागे सरासरी २,५००. पण तुम्ही फलाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला "तुमच्या गाडीत किती माणसं होती?" असं विचारलंत तर सरासरी ३,४०० येईल, कारण भरलेल्या गाडीतली माणसं चौपट वेळा सापडतात. दोन्ही आकडे खरे आहेत. गाड्यांबद्दल बोलताय की प्रवाशांबद्दल, हे ठरवल्याशिवाय कुठला लिहायचा ते कळणार नाही.

याबाबतीत मला संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं काम फार मोलाचं वाटतं. साताऱ्याकडचा हा माणूस. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतात छोटा तुकडा आखून तेवढंच कापून तोलायची पद्धत होती. १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून येतं. तुकड्याच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणारा ते आत धरतो. तुकडा जितका लहान तितकी कड त्या मानाने मोठी. यात कोणाची लबाडी नाही, सूत्रही बरोबर, तरी उत्तर चुकलं. हे त्यांना सापडलं, कारण त्यांनी मोजणीच तपासली.

मी प्रत्येकाकडून पहिल्या पानावर एक ओळ लिहून घेते: या पद्धतीत कोण सापडूच शकत नाही? दादरला सकाळी नऊला उभं राहिलात तर रात्रपाळीवाले, बसने जाणारे, घरून काम करणारे सुटले. ती ओळ कोरी असेल तर मी पुढचं पान उलटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पुरुष १, स्त्री २ असे संकेत देऊन त्यांची सरासरी १.४६ काढू नका. पिनकोडचीही नाही.

स्तंभालेख (बार चार्ट) आणि आयतालेख (हिस्टोग्राम) एक नव्हेत. आयतालेखात क्षेत्रफळ बोलतं. वर्गांतरं, म्हणजे आकड्यांच्या गटांची रुंदी, असमान असतील तर उंची त्याप्रमाणे बदलावी लागते.

४० टक्क्यांवरून ५० टक्के झालं तर ती १० टक्केबिंदूंची वाढ आहे, आणि मूळच्या मानाने २५ टक्के. कुठली वाढ सांगताय ते लिहा.

एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची (स्टँडर्ड डेव्हिएशन) दोन सूत्रं आहेत. नावाच्या शेवटी "पी" असलेलं समष्टीसाठी, म्हणजे सगळ्यांचेच आकडे असतील तेव्हा, "एस" असलेलं नमुन्यासाठी. पाच आकड्यांवर दोन्हींत सुमारे १२ टक्के फरक पडतो, पाचशेवर नगण्य.

प्रमाण विचलन आकड्यांचा पसारा सांगतं, प्रमाण त्रुटी सरासरीच्या अंदाजाची अनिश्चितता सांगते. आलेखावर सरासरीभोवतीची रेघ छोटी दिसते म्हणून पसारा दाखवायला प्रमाण त्रुटी वापरणं हे वाचकाला फसवणं आहे.

सहसंबंध शून्य आला म्हणजे संबंध नाही असं होत नाही. तो फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. आणि छत्र्यांची विक्री वाढली की लोकल उशिरा धावतात, ते पावसामुळे.

पी-मूल्य ०.०३ आलं म्हणजे शून्य परिकल्पना ("फरक किंवा परिणाम नाही" हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं तोंडी परीक्षेत दरवर्षी कोणीतरी सांगतंच. शून्य परिकल्पना खरी आहे असं धरलं, तर आपल्याला मिळाले तेवढे किंवा त्याहून टोकाचे आकडे मिळण्याची शक्यता ३ टक्के, असा त्याचा अर्थ. हे वाक्य "धरलं, तर" या शब्दांसकट पाठ करा.