स्टारक्राफ्टमधला स्टिम पॅक: ‘टी’ एकदाच दाबा

स्टारक्राफ्ट हा संगणकावरचा युद्धखेळ; त्यात टेरन (माणसं), झर्ग आणि प्रोटॉस (दोन्ही परग्रहवासी) अशा तीन फौजा. स्टिम पॅक म्हणजे टेरनच्या मरीन (बंदूकधारी) आणि फायरबॅट (आग फेकणारा) या पायदळाला लढाईपुरतं टोचायचं उत्तेजक; त्याची कळ ‘टी’. टोचलं की बंदूक दुप्पट वेगाने चालते, पाय दीडपट वेगाने. टोचण्याची किंमत मिनरल-गॅसमध्ये (खेळातल्या पैशात) नाही, रक्तात: दर वेळी १० एचपी, म्हणजे जीवाचे गुण. मरीनकडे एकूण ४०, फायरबॅटकडे ५०. परिणाम टिकतो सुमारे १२ सेकंद.

शेवटचा स्टारक्राफ्ट २ चा भाग सोडला तर खालचे सगळे आकडे ब्रूड वॉरचे, म्हणजे पहिल्या स्टारक्राफ्टला जोडलेल्या विस्ताराचे आहेत. १९९८ चा हा गेम; २००१ च्या १.०८ पॅचनंतर त्याचं संतुलन कोणी हलवलेलं नाही, त्यामुळे एकदा पाठ केलेला हिशेब आजही चालतो. मूळ गेम २०१७ पासून फुकट आहे. वेळा ‘फास्टेस्ट’ वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण २४ फ्रेम.

आधी गॅसचा हिशेब

स्टिम अकॅडमी या इमारतीत मिळतो. अकॅडमीला १५० मिनरल लागतात आणि बॅरॅक्स (सैनिक तयार करणारी इमारत) आधी उभी असावी लागते. संशोधन १०० मिनरल, १०० गॅस. वेळ सुमारे ५० सेकंद. त्याच इमारतीत मरीनचा पल्ला ४ वरून ५ करणारं यू-२३८ हे संशोधनही असतं, १५० मिनरल आणि १५० गॅसला. अकॅडमी एका वेळी एकच काम करते, त्यामुळे आधी कोणतं हे ठरवावंच लागतं. झर्गविरुद्ध आधी स्टिम. पल्ला नंतर घेतला तर चालतं. स्टिमशिवाय पायदळ तळाबाहेर काढणं मात्र जुगार आहे.

नवशिक्याची गाडी इथेच रुळावरून उतरते. अकॅडमी उभी राहिली की तो हातातला गॅस आधी मेडिकवर घालतो (जखमींवर उपचार करणारी; एकीला ५० मिनरल, २५ गॅस), मग कॉमसॅटवर (दुरून लपलेला शत्रू दाखवणारं यंत्र; ५० आणि ५०), आणि स्टिमला गॅस उरत नाही. क्रम उलटा ठेवा. अकॅडमी पूर्ण होईल त्या क्षणी १०० गॅस तयार हवा आणि तो थेट स्टिमवर जायला हवा. मेडिक तयार व्हायला १९ सेकंद लागतात, म्हणजे त्या ५० सेकंदांत दोन बॅरॅक्समधून चार मेडिक सहज निघतात. स्टिम आणि मेडिक एकाच वेळी हातात येतात, हेच हवं असतं. स्टिम झाला पण मेडिक नाहीत, तर टोचलेले १० एचपी परत येत नाहीत. ब्रूड वॉर येण्याआधीच्या मूळ गेममध्ये मेडिक नव्हतीच. तिथे प्रत्येक सुई म्हणजे कायमचं नुकसान होतं.

फायरबॅट दोनच पुरे, झर्गलिंगची (झर्गच्या छोट्या, चपळ प्राण्यांची) गर्दी येणार असेल तर. बाकी गॅस मेडिकसाठी राखा.

बारा मरीन आणि तीन संकन

झर्गच्या दुसऱ्या तळावर तीन संकन कॉलनी (बचावासाठी मारा करणाऱ्या इमारती) आहेत, समोर तुमचे १२ मरीन, पल्ला वाढवलेला, हत्याराचं अपग्रेड नाही. मेडिक क्षणभर बाजूला ठेवू.

संकनला ३०० एचपी, चिलखत २. मरीनची गोळी ६ ची, चिलखत वजा जाता ४. बारा जणांची एक फैर ४८ ची, म्हणजे एक संकन पडायला ७ फैरी. स्टिमशिवाय दोन फैरींत १५ फ्रेमचं अंतर, स्टिम घेतल्यावर ७ चं. संकन दर ३२ फ्रेमला एक तडाखा देते. तडाखा ४० चा, पण तो स्फोटक जातीचा आणि मरीन लहान आकाराचा, म्हणून लागतो निम्माच: २०.

आता मोजा. स्टिमशिवाय पहिली संकन पडेपर्यंत ती ३ तडाखे देते, दुसरी ७, तिसरी १०. एकूण २०. एका मरीनला दोन तडाखे लागतात, म्हणजे १० मरीन गेले. (आणि हे बाराही जण शेवटपर्यंत गोळ्या झाडत राहिले असं धरून. खरं तर जसजसे ते पडतात तसतशी फैर बारीक होते, म्हणजे तिसरी संकन पडतच नाही.)

एक सुई टोचून गेलात तर तडाखे २, ३ आणि ५, एकूण १०. मरीनकडे ३० एचपी उरलेत, तरी त्याला मारायला दोन तडाखेच लागतात. पाच मरीन गेले, सात शिल्लक, संकन साफ. सुईचे १० एचपी इथे अक्षरशः फुकट पडले, कारण २० च्या तडाख्यापुढे ४० काय आणि ३० काय, दोन्ही दोनदाच टिकतात.

आणि घाईत ‘टी’ दोनदा दाबला गेला तर? मरीनकडे उरतात २०. तडाखे तेच १०, पण आता प्रत्येक तडाख्याला एक मरीन. १० मरीन गेले. म्हणजे स्टिम न घेता जेवढे मेले असते तेवढेच.

दुसऱ्या सुईने वेग आणखी वाढत नाही. फक्त १२ सेकंदांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि १० एचपी जातात. लढाईच्या धांदलीत ‘लागलं की नाही लागलं’ म्हणून पुन्हा ‘टी’ दाबायची सवय असेल, तर ती आधी मोडा. पहिल्या ‘टी’ला सुईचा आवाज येतो आणि खाली निवडलेल्यांच्या चित्रांचा रंग उतरतो, त्यावर विश्वास ठेवा.

लर्कर

लर्कर म्हणजे जमिनीत लपून काटे मारणारा झर्गचा प्राणी. त्याचे काटेही २० चेच, पण ते ओळीत जातात आणि ओळीतल्या सगळ्यांना लागतात. गणित तेच: एक सुई चालते, दोन सुया घेतलेली अख्खी रांग एका फटक्यात आडवी. इथे चिलखताचं पहिलं अपग्रेड (इंजिनिअरिंग बेमध्ये १०० आणि १००) कामाला येतं. काटा १९ चा होतो आणि दोन सुया घेतलेला मरीन १ एचपीवर का होईना, उभा राहतो. समोरच्याने काट्याचं अपग्रेड केलं की ही सवलत संपली.

लर्करला १२५ एचपी, चिलखत १. मरीनच्या २५ गोळ्या. स्टिम घेतलेले १२ जण तीन फैरींत म्हणजे जेमतेम १५ फ्रेममध्ये तो काढतात. लर्करचा दोन हल्ल्यांतला वेळ ३७ फ्रेम आहे. अडचण गोळ्यांची नाही, दोन गोष्टींची आहे. तो जमिनीखाली दिसत नाही, आणि त्याचा पल्ला ६ तर तुमचा ५. म्हणून क्रम असा:

१. लर्करच्या पल्ल्याबाहेर थांबा.
२. कॉमसॅटने स्कॅन टाका (५० ऊर्जा).
३. लर्कर दिसला की ‘टी’, एकदाच.
४. मरीन दोन-तीन तुकड्यांत वेगवेगळ्या दिशांनी पुढे काढा, म्हणजे काट्यांच्या एका ओळीत सगळे सापडणार नाहीत.
५. मग लर्करवर ‘ए’ (हल्ल्याची कळ) किंवा उजवं क्लिक.

स्कॅनच्या आधी ‘टी’ दाबणं ही नेहमीची चूक. स्कॅन टाकायला दुसरीकडे नजर गेली, परत येईपर्यंत तीन सेकंद वाया, आणि तेवढ्यात मरीन आपणहून पुढे सरकलेले. ऊर्जा नसल्याने स्कॅन पडलाच नाही, तर त्या सुईचा एकच उपयोग उरतो: मागे पळा.

पळण्यासाठी सुई टोचणं यात कमीपणा काहीच नाही. झर्गचा डिफायलर डार्क स्वॉर्म नावाचा ढग पसरतो, त्याखाली मरीनच्या गोळ्या लागत नाहीत. तिथे उभं राहून भांडण्यापेक्षा १० एचपी देऊन बाहेर पडणं स्वस्त. (फायरबॅटची आग ढगाखालीही लागते, तेवढा त्याचा मान राखा.) स्टिम घेतलेला मरीन साध्या झर्गलिंगपेक्षा वेगवान असतो, पण वेगाचं अपग्रेड झालेल्या झर्गलिंगपुढे आणि उडणाऱ्या म्युटालिस्कपुढे तो मागेच पडतो. त्यांच्यापासून पळू नका, उभे राहून मारा.

मेडिकला सुई लागत नाही

सगळ्यात जास्त पायदळ या एका कारणाने मरतं. मेडिक स्टिम घेत नाही. १२ सेकंद मरीन सरळ पळत राहिले तर ते मेडिकच्या नकाशाच्या जवळजवळ १८ चौकटी पुढे निघून जातात. जुन्या पडद्यावर ही जवळपास पूर्ण रुंदी. तिथे संकन असते आणि मेडिक मागच्या पुलावर.

उपाय सोपा आहे, फक्त लक्षात राहायला हवा. मेडिकचा वेगळा ग्रुप ठेवा, तो आधी हलवा, दोन सेकंदांनी मरीन. मेडिकना उजव्या क्लिकने पाठवू नका. नुसतं ‘चल’ म्हटलं की त्या वाटेत कुणालाच बघत नाहीत. ‘ए’ दाबून जमिनीवर क्लिक केलं की वाटेत जखमी दिसेल तिथे थांबून उपचार करतात. आणि ‘टी’ चालताना नाही, शत्रू पल्ल्याच्या उंबरठ्यावर आला की.

मेडिकच्या ऊर्जेचं खातंही माहीत हवं. एका ऊर्जेत २ एचपी भरतात, म्हणजे एका सुईची भरपाई ५ ऊर्जेत. नवी मेडिक ५० ऊर्जा घेऊन येते: दहा सुया. तीन नव्या मेडिककडे मिळून १५०, आणि १२ मरीनच्या एका स्टिमला लागतात ६०. म्हणजे शत्रूने बोटही लावलं नाही तरी अडीच वेळा, पुढे रिकामं. ऊर्जा सेकंदाला पाऊण या दराने भरते, त्यामुळे सतत स्टिमवर ठेवायचं झालं तर एक मेडिक दोन मरीनलाही पुरत नाही. म्हणूनच आठ-नऊ मरीनमागे तीन मेडिक हे प्रमाण सोयीचं पडतं, आणि दोन हल्ल्यांमध्ये अर्धा मिनिट थांबणं हा आळस ठरत नाही.

एचपी १० किंवा त्याखाली असेल तर सुई लागतच नाही. डिफायलरच्या प्लेगनंतर (रोगाच्या माऱ्यानंतर) मरीन १ एचपीवर लटकतात. तेव्हा ‘टी’ बडवून काही होत नाही, आधी मेडिक.

टेरनविरुद्ध एक आकडा लक्षात ठेवा: ३५. सीज मोडमध्ये, म्हणजे जागी रोवून उभ्या केलेल्या सीज टँकचा गोळा ७० चा, लहान आकाराच्या मरीनला निम्मा. ४० चा मरीन तो झेलून ५ वर उभा राहतो, ३० चा जागीच मरतो. सीज मोडमधल्या टँकवर दुरून स्टिम घेऊन धावणं म्हणजे आपणच त्याचं काम सोपं करणं. प्रोटॉसविरुद्ध साय स्टॉर्म आणि रीव्हर (दोन्ही गर्दीवर एकदम मारा करणारे) आले की पायदळाचा खेळ संपतो, मग स्टिमवर गॅस घालूच नका. त्याआधीच्या एखाद्या धाडीपुरताच तो ठीक.

स्टारक्राफ्ट २ मध्ये काय बदलतं

संशोधन बॅरॅक्सला जोडलेल्या टेक लॅबमध्ये, किंमत तीच १०० आणि १००. परिणाम ११ सेकंद, गोळीबार आणि चाल दोन्ही ५० टक्क्यांनी जास्त. गोळीबार दुप्पट होत नाही. मरीनकडे ४५ एचपी, कॉम्बॅट शील्डने ५५, सुई १० चीच. फायरबॅटच्या जागी मरॉडर आलाय, त्याला १२५ एचपी आणि सुई २० ची. मेडिकचं काम मेडिव्हॅक हे उडतं वाहन करतं, एका ऊर्जेत ३ एचपी. ५० ऊर्जा घेऊन आलेलं मेडिव्हॅक मरीनच्या १५ सुया भरून काढतं, मरॉडरच्या फक्त सात. आणि तेही स्टिम घेतलेल्या मरीनपेक्षा हळूच उडतं, त्यामुळे मागे राहण्याचं दुखणं इथेही आहेच.

मोठा फरक निवडीचा. ब्रूड वॉरमध्ये एका वेळी १२ जणच निवडता येतात, त्यामुळे चूक १२ जणांपुरती राहते. इथे एका ‘टी’ने चाळीस जणांना सुई लागते, त्यात मागून जमण्याच्या जागेकडे (रॅलीवर) चालत येणारेही. पुढच्या फळीचा वेगळा ग्रुप करा, ‘टी’ त्याच्यावरच दाबा, आणि मागून येणाऱ्यांना ते गोळीच्या टप्प्यात पोहोचल्यावरच त्या ग्रुपमध्ये घ्या.