साइटचा पासवर्ड उघड्यावर पडलाय का, आधी ते बघा

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात चाटी गल्लीत एका ओळखीच्या चादरवाल्याकडं बसलो होतो, मालकांनी कौतुकानं नवी साइट दाखवली, मी सहज पत्त्यापुढं स्लॅश देऊन डॉट ईएनव्ही (साइटच्या गुप्त सेटिंगची फाइल) टाइप केलं तर डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड सगळं स्क्रीनवर. मालक म्हणाले, "हे काय आलं बे?" म्हटलं, "गल्ल्याची चावी आहे मालक, दारालाच लटकलीय."

तर पहिलं काम हेच, इनकॉग्निटोमध्ये आपल्याच साइटवर असं टाइप करून बघा, डॉट गिट स्लॅश कॉन्फिग (कोडचे बदल जपणाऱ्या गिटची सेटिंग फाइल) पण बघा. ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ (सापडलं नाही) आलं तर ठीक.

फाइल दिसली तर नुसती लपवून भागत नाही. अशा फाइली शोधत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, दिवसभर चालू असतात, त्यामुळं डेटाबेसचा, मेलचा पासवर्ड आणि पेमेंटच्या की (गुप्त कोड) आधी बदला.

मग ती फाइल पब्लिक एचटीएमएलच्या (साइटचं जगाला दिसणारं फोल्डर) बाहेर, एक फोल्डर वर न्या. वर्डप्रेसची पासवर्ड असलेली फाइल डब्ल्यूपी-कॉन्फिग तिथं ठेवली तरी वर्डप्रेस शोधून घेतं. साइट लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कवर असेल तर डोमेन पब्लिक फोल्डरवरच वळवा, लोक अख्खं प्रोजेक्ट पब्लिक एचटीएमएलमध्ये ओततात आणि तिथंच घोळ होतो.

बाहेर नेता येत नसेल तर अपाची या सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंग फाइलमध्ये त्या फाइलच्या नावाला 'रिक्वायर ऑल डिनाइड' लावा (जुन्या लेखांतलं 'डिनाय फ्रॉम ऑल' हे अपाची २.२ च्या जमान्यातलं, आता २.४ आहे). एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, तिथं सर्व्हरच्या कॉन्फिगमध्येच डॉटनं सुरू होणारं सगळं बंद करायचं, फक्त डॉट वेल-नोन हे फोल्डर सोडा, नाहीतर लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट रिन्यू होताना अडकतं. फाइलची परमिशन ६०० (फक्त आपल्याच खात्याला वाचता येईल अशी), साइट बंद पडली तर ६४० (ग्रुपलाही वाचता येईल अशी). आणि रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिननं काय बघू नये ते सांगणारी) या फाइलचं नाव लिहू नका, ती कुणालाही वाचता येते, म्हणजे आपणच पत्ता दिल्यासारखं.

खरा घात बॅकअपमध्ये असतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग पीएचपी आहे तोवर सर्व्हर ती चालवतो, आतलं दाखवत नाही, पण एडिट करायच्या आधी तुम्ही तिचीच डॉट बॅक किंवा डॉट ओल्ड कॉपी करून ठेवली की सर्व्हरच्या लेखी ती साधी फाइल, मागेल त्याला जशीच्या तशी देऊन टाकतो. एफटीपीनं (सर्व्हरवरच्या फाइली हाताळायची सोय) आत जाऊन अशा कॉप्या, झिप, एसक्यूएल डंप (डेटाबेसची कॉपी) सगळं शोधून उडवा. मालकांच्या साइटवर तीन निघाल्या, एकीचं नाव तर 'जुनी-फायनल'.