वय मागं नेण्याचा दावा समोर आला की काय काय तपासायचं

अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला माझं औषधाचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक ताकदीचं टॉनिक मागायचं. आता मोबाइल पुढं धरून विचारतात, "ताई, वय मागं नेणारी गोळी निघाली म्हणे, तुमच्याकडं आली का?" विचारण्यात काहीच चूक नाही. म्हातारपण लांबवण्यावर प्रयोगशाळांत खरंखुरं आणि फार मोठं काम चालू आहे, आणि ते आपल्या लोकांपर्यंत नीट पोचावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या कामाच्या नावाखाली जे विकलं जातं, ती गोष्ट निराळी. दोन्हींत फरक कसा करायचा, ते काउंटरवर सांगते तसंच इथं लिहिते.

आयुष्य वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. सरकारच्या २०१६-२० च्या नमुना नोंदणीत ते ७० आहे. ही वाढ म्हाताऱ्यांचं वय मागं गेल्यामुळं झालेली नाही. पाळण्यातली लेकरं जगायला लागली, बाळंतपणात दगावणाऱ्या बाया कमी झाल्या, देवीचा रोग गेला, लसी आणि अँटिबायोटिक गावोगाव पोचले, म्हणून झाली. माणूस जास्तीत जास्त किती जगतो, ती हद्द वेगळी. फ्रान्सच्या जान कालमाँ या बाई १९९७ साली १२२ वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांच्यापुढं कुणी गेल्याची खात्रीची नोंद अजून नाही.

बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञानं १८२५ साली दाखवलं होतं की मोठ्या माणसाचा मरणाचा धोका वयाबरोबर पटीपटीनं वाढत जातो. आजच्या हिशेबानं साधारण दर आठ वर्षांनी तो दुप्पट होतो. ही चढण कमी करून दाखवली, तरच म्हातारपण लांबवलं असं म्हणता येईल. तेव्हा दावा वाचताना पहिल्यांदा हे शोधा: एखादा आजार टळला, सरासरी वाढली, की ही चढणच कमी झाली? बहुतेक जाहिराती पहिल्याबद्दल बोलतात आणि तिसऱ्याचे पैसे घेतात.

हे कुणाच्या अंगात घडलं?

इथं थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त गफलत इथंच होते.

१९६४ साली कॅनडाहून एक तुकडी ईस्टर बेटावर गेली होती. तिनं आणलेल्या मातीतल्या एका जंतूपासून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी एक द्रव्य वेगळं काढलं. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून औषधाचं नाव रॅपामायसिन. सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसी शिकलेले. कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद करून हे काम गुंडाळलं, तेव्हा त्यांनी त्या जंतूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपला आणि बदलीच्या गावी सोबत नेला. १९९९ साली किडनी बदललेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. फार्मसी शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींना ही हकिकत माहीत असावी असं मला फार वाटतं.

पुढं २००९ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी ६०० दिवसांच्या उंदरांना हे औषध दिलं. ६०० दिवसांचा उंदीर म्हणजे आपल्याकडचा साठीतला माणूस. माद्यांचं आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. उतारवयात सुरू करूनही फरक पडला! हे वाचलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. तरी दुकानात कुणी ते स्वतःसाठी मागितलं तर मी देत नाही. माणसाचं आयुष्य त्यानं वाढतं असं अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि ते प्रतिकारशक्ती दाबतं. तोंडात फोड येतात, रक्तातली चरबी वाढते, जंतुसंसर्ग लवकर होतो. किडनी बदललेल्या रुग्णाला डॉक्टर रक्त तपासून तपासून त्याचा डोस ठरवतात.

दुसरी मोठी बातमी पेशींची. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या वाढ झालेल्या पेशीत चार जनुकं चालू केली आणि ती पेशी गर्भातल्या पेशीसारखी कोवळी झाली. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. २०१६ साली अमेरिकेतल्या साल्क संस्थेत हीच जनुकं थोडा थोडा वेळ चालू-बंद करून पाहिली, तेव्हा लवकर म्हातारपण येणारे उंदीर सुमारे ३० टक्के जास्त जगले. २०२० मध्ये हार्वर्डमध्ये चारांपैकी तीनच जनुकं वापरून म्हाताऱ्या उंदरांची नजर सुधारली. चौथं का वगळलं? त्याचा कॅन्सरशी संबंध आहे. आणि चारही जनुकं नको तितका वेळ चालू ठेवलेल्या उंदरांत गाठी झाल्याचं आधीच दिसलं होतं.

म्हणजे पेशीचं वय मागं नेता येतं, हे आता नुसतं स्वप्न राहिलेलं नाही. पण ते काम डबीत भरून दुकानात आलेलं नाही. बातमीत ‘उंदीर’ किंवा ‘पेशी’ हा शब्द कितव्या ओळीत येतो ते बघत जा. कित्येकदा तो शेवटच्या परिच्छेदात असतो.

मोजलं काय, आणि कितीजणांवर?

२०१३ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणा वाचून वय ओळखण्याची पद्धत काढली. संशोधनाला ती फार उपयोगाची आहे. पण आता तशाच तपासण्या विकून ‘तुमचं वय पाच वर्षांनी घटलं’ असे रिपोर्ट दिले जातात. मोटारसायकलचं किलोमीटरचं मीटर मागं फिरवलं म्हणून इंजिन नवं होत नाही. खूण बदलली म्हणजे माणूस जास्त जगेल, हे अजून सिद्ध व्हायचंय.

२०१९ चा एक अभ्यास फार फिरला. वाढीचं संप्रेरक आणि दोन औषधं दिल्यावर या खुणांवरून वय सांगणारं ‘घड्याळ’ सरासरी अडीच वर्षांनी मागं गेलं. त्यात पुरुष होते नऊ, आणि औषध न दिलेला दुसरा गट नव्हताच. ज्यात दुसरा गट नाही, त्याच्यावर मी पैसा लावू देत नाही.

लाल द्राक्षातल्या रेझवेराट्रॉलचंही असंच. त्यावर काम करणारी कंपनी ग्लॅक्सोनं २००८ साली ७२ कोटी डॉलरला घेतली आणि २०१३ मध्ये गुंडाळली. गोळ्या मात्र अजून विकल्या जातात.

डबी उलटी करून वाचा

आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी एनएमएन नावाच्या पूरक गोळ्यांची बाटली घेऊन आले. पोरानं पुण्याहून पाठवलेली. "ताई, ह्यानं म्हणे अंगातलं वय मागं जातंय. बघा बरं जरा." मी बाटली उलटी केली आणि बोट ठेवून दाखवलं. एक, चौदा आकडी एफएसएसएआय नंबर. याचा अर्थ हे कायद्यानं खाद्यपदार्थात मोडतं; औषधावर असतो तो उत्पादन परवान्याचा नंबर त्यावर नव्हता. दोन, बारीक अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. कंपनीनं स्वतःच लिहिलंय की औषध म्हणून वापरू नका. तीन, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात तारुण्याची भाषा. आपल्या औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’ या यादीत अकाली म्हातारपण आणि पुन्हा तरुण करण्याची ताकद या दोन्ही गोष्टी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. मग खाद्यपदार्थावर तो कसा चालेल?

एनएमएननं रक्तातलं एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जा तयार करायला लागणारं द्रव्य, वाढतं, एवढं माणसांत दिसलंय. आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. रॅपामायसिन तपासणाऱ्या त्याच तीन प्रयोगशाळांनी एनएमएनच्या जवळचं दुसरं एक द्रव्य उंदरांना दिलं, तर उंदरांचंही आयुष्य वाढलं नाही.

गुरुजींना मी विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे ना?" ते म्हणाले, "ती बंद केली की. आता हे घेतोय म्हणून." तिथंच खुर्चीवर बसवून बीपी घेतलं, वरचा आकडा १७० च्या पुढं. माझ्या पोटात गोळा आला. महागडी बाटली आल्यामुळं साधी पट्टी बंद होते, हा माझ्या मते या धंद्याचा सगळ्यात मोठा धोका आहे.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी नको

मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीबद्दल पुष्कळ विचारणा होते, कारण ती घरात कुणाला तरी चालूच असते. न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय यांनी तीन हजार वृद्धांवर तिची मोठी चाचणी आखली आहे. त्या उत्तराची मीही वाट बघते आहे. पण २०१९ च्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या, साखर नसलेल्या लोकांनी वजनाचा व्यायाम केला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. शिवाय ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ घटतं. आपल्याकडच्या माळकरी घरांत ते आधीच कमी असतं. साखर असेल तर गोळी सोडू नका, नसेल तर आईच्या पट्टीतली उचलू नका.

हेच प्रश्न साध्या उपायांना विचारून बघा

कुणाच्या अंगात? माणसांच्या. मोजलं काय? मरण. कितीजणांवर? २०१५ च्या अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत नऊ हजारांवर माणसं होती. ज्यांचा बीपीचा वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचं ठरवलं, त्या गटात मृत्यू जवळपास पाव हिश्शानं कमी झाले. हा आकडा स्वतःच्या मनानं गाठू नका, तुमच्यासाठी किती योग्य ते डॉक्टर ठरवतील. पण हे त्याच रोजच्या गोळ्यांचं काम आहे, ज्या आपल्याकडं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडल्या जातात.

ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षं चाललेला अभ्यास २००४ साली छापून आला. सिगारेट तिशीत सोडली तर सुमारे १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडली तरी ३. बीडीवाल्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत. साठीच्या माणसाला तीन वर्षं परत देणारी एकही बाटली जगात नाही. आमच्याकडं मळलेली तंबाखू आणि मिश्री जास्त चालते. तिचा मार्ग तोंडाच्या कॅन्सरचा, आणि तीही सोडलीच पाहिजे.

बाकी थोडक्यात. भाकरीसोबत रोज घट्ट वरण, उसळ, दही, जमत असेल तर अंडी. खुर्चीवरून हात न टेकता उठबस. साखर असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

आणि खरंच कुणी उपचाराला बोलावलं तर

मोठ्या शहरांतून स्टेम सेलची, तरुण रक्ताच्या प्लाझ्माची आमंत्रणं येतात. प्लाझ्माबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्येच इशारा दिला आहे की म्हातारपणावर त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. ‘आमचं संशोधन चालू आहे’ असं कुणी म्हणालं, तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा. आपल्या देशात २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद तिथं आधी करावी लागते, आणि ती यादी कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येते. नंबर मिळाला तर चाचणीत किती माणसं आहेत, दुसरा गट आहे का, मोजणार काय आहेत, हे सगळं त्यात सापडेल. वाचताना अडलं तर कागद घेऊन दुकानात या, संध्याकाळी गर्दी कमी असते, बसून वाचू. नंबर देत नाहीत आणि आगाऊ रक्कम मागतात, तिथं जाऊ नका.