गुरूचे चार चंद्र पाहायचे असतील, तर आधी फाइंडर जुळवा

हौसेने घेतलेली दुर्बीण बहुतेक घरांत दोन-तीन महिन्यांत माळ्यावर जाते. दोष दुर्बिणीचा क्वचितच असतो. तिच्या नळीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण, म्हणजेच फाइंडर, कोणी नीट जुळवलेलाच नसतो; म्हणजे तो आणि मुख्य नळी एकाच ठिकाणी रोखलेले नसतात. ग्रह डोळ्यांना ठळक दिसत असतो आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, मात्र काळोखाशिवाय काही येत नाही, असे चार-पाच संध्याकाळी झाले की उत्साह संपतो. म्हणून या लेखात मी बाकीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून फाइंडरवर जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरणासाठी ७० मिलिमीटर व्यासाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा तयार होण्याच्या जागेपर्यंतचे अंतर) भिंगाची दुर्बीण घेऊ. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागले की किती पट मोठे दिसेल ते कळते : २५ मिलिमीटरच्या आयपीसने २८ पट, १० मिलिमीटरच्या आयपीसने ७० पट. खोक्यावर छापलेल्या ‘५०० पट’ अशा आकड्यांवर विश्वास ठेवू नका. एवढ्या भिंगातून १४० पटींच्या पुढे चित्र फक्त अंधूक आणि पसरट होत जाते. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळचे तीन ठिपके टिपले आणि १३ जानेवारीला चौथा टिपला, तेव्हा त्याची दुर्बीण सुमारे २० पटींची होती. तुमच्या २५ मिलिमीटरच्या आयपीसची ताकद त्याहून जास्त आहे.

गुरू दर १३ महिन्यांच्या आसपास प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, येतो. त्या सुमारास तो सूर्यास्ताला पूर्वेकडे उगवतो आणि रात्रभर दिसतो. चंद्र आणि शुक्र वगळता आकाशात सहसा तोच सर्वांत तेजस्वी असतो, आणि ताऱ्यासारखा लुकलुकत नाही.

आता फाइंडर. तो रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर जुळवावा, असा सल्ला मला दुर्बीण घेताना दुकानात मिळाला होता, आणि त्या सल्ल्यापायी माझा पहिला हिवाळा वाया गेला. मुख्य दुर्बिणीत तारा सापडण्यासाठी जुळवलेला फाइंडर लागतो आणि फाइंडर जुळवण्यासाठी तारा मुख्य दुर्बिणीत असावा लागतो. चुकून तो सापडलाच, तरी आपण अंधारात स्क्रू चाचपत असताना तो दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो. नवशिक्याला हा सल्ला कोणीही देऊ नये.

हे काम उजेडातच करायचे, पण सूर्य मावळल्यानंतर. सूर्य आकाशात असताना नळी इकडेतिकडे फिरवण्याचा धोका मुळीच पत्करू नका. मुख्य दुर्बिणीतून काय किंवा फाइंडरमधून काय, सूर्याचे क्षणभराचे दर्शनसुद्धा डोळा कायमचा निकामी करू शकते. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे या कामाला पुरतात.

किमान अर्धा किलोमीटर दूरचा मोबाइल टॉवर निवडा. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी चालणार नाही. फाइंडर मुख्य नळीपासून साधारण १० सेंटिमीटर बाजूला असतो, त्यामुळे २० मीटरवरच्या वस्तूवर जुळवल्यास आकाशाकडे पाहताना सुमारे ०.३ अंशाची चूक राहते. ७० पटींवर दिसणारे आकाशच जेमतेम ०.७ अंश रुंद असते, म्हणजे गुरू थेट काठावर जाऊन बसतो.

आधी २५ मिलिमीटरचा आयपीस लावून टॉवरचे टोक मुख्य दुर्बिणीच्या मध्यभागी आणा, तिपाईचे स्क्रू आवळा आणि हात काढून पुन्हा पाहा. मी इथेच वारंवार फसत होतो : हात काढताच स्वस्त तिपाईवरची नळी किंचित खाली बसते आणि टोक मध्यावरून सरकते. नळी किती बसते याचा अंदाज घेऊन ती तेवढ्याच अंतराने वर धरा आणि मग सोडा. त्यानंतरच फाइंडरमध्ये डोकवा. साध्या सरळ फाइंडरमध्ये टॉवर उलटा दिसेल; ते बरोबरच आहे. आता नळीला धक्का न लावता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्यात दिसणारी उभ्या-आडव्या रेषांची फुली टॉवरच्या टोकावर आणा. एक स्क्रू आवळण्यापूर्वी त्याच्या समोरचा तेवढाच सैल करायचा, जोर लावायचा नाही; प्लॅस्टिकचे आटे एकदा गेले की फाइंडर कधीच स्थिर राहत नाही. मग १० मिलिमीटरचा आयपीस लावून हे सगळे पुन्हा करा. ही दुसरी फेरी टाळणाऱ्यांनाच रात्री गुरू सापडत नाही.

दुर्बीण उचलताना फाइंडरला धरू नका. जिन्यात तो दाराला लागलाच, तर रात्रीच्या दुरुस्तीसाठी ध्रुवतारा वापरा. पुण्याहून तो उत्तर क्षितिजापासून सुमारे १८.५ अंशांवर, जवळजवळ एकाच जागी असतो, त्यामुळे स्क्रू फिरवायला सवड मिळते.

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असेल, तर नऊ-दहापर्यंत थांबा, नाहीतर गुरू उकळत्या पाण्यात असल्यासारखा थरथरेल.

मग फुलीवर गुरू घ्या, २५ मिलिमीटरने पाहा, फोकस करा. छोटी पिवळसर तबकडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळपास एका रेषेत ठिपके दिसतील. एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असेल, तर तीनच दिसतील. ७० पटींवर तबकडीवरचे दोन तपकिरी पट्टेही दिसू लागतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरू तीन मिनिटांच्या आत दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो, म्हणून त्याला नेहमी शिरण्याच्या कडेला ठेवून सरकू द्यावे.

वहीत एक वर्तुळ काढून ठिपके मांडा, वेळ लिहा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. या चारपैकी आयो हा चंद्र गुरूभोवतीची फेरी १.७७ दिवसांत पुरी करतो. तो गुरूलगत असेल, तर एवढ्या वेळात ग्रहाच्या जवळजवळ एका व्यासाइतका सरकलेला दिसेल.