सदाफुली का फुलत नाही? या चुका टाळा

नाव सदाफुली, म्हणून ती कशीही ठेवली तरी बारा महिने फुलेल असं धरून चालणं ही पहिली चूक. भिंतीच्या फटीत, खडीच्या ढिगाऱ्यात ती मजेत वाढते आणि कुंडीत लाड केले की जाते. बहुतेक वेळा कारण असतं पाणी.

हे झाड मूळचं मादागास्करचं. ऊन सोसतं, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. माती सतत ओली राहिली की फायटोफ्थोरासारखी बुरशी मुळं आणि बुंधा कुजवते. मग माती ओली असूनही झाड माना टाकतं. पाहणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि तो आणखी तांब्याभर ओततो. त्याआधी बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला करा. मातीलगत खोडावर काळपट तपकिरी पट्टा असेल आणि नख लावताच साल निसटत असेल, तर झाड हातचं गेलं. ते उपटा आणि ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका.

नवं लावताना दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत घ्या. आठ-दहा इंचांची कुंडी पुरते. वरची इंचभर माती कोरडी झाली की तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. खालच्या ताटलीत ते साचू देऊ नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कुंडी छपराखाली उजेडात हलवा, पण पागोळ्यांखाली नको. नर्सरीत ‘विंका’ म्हणून मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती या बाबतीत देशी गुलाबी-पांढरीपेक्षा जास्त नाजूक असतात.

उंच, किडकिडीत झाड आणि शेंड्यालाच दोन फुलं, म्हणजे ऊन कमी पडतंय. रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. रोप चार-पाच इंचांचं झालं की शेंडा खुडा, फुटवे येतात. जुनं झाड पावसाळा सरल्यावर एक तृतीयांश छाटा. युरिया टाळा, नुसता पाला माजतो. महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे. थंडीत रात्रीचा पारा १५ अंशांखाली गेला की पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. तेव्हा खत घालून उपयोग नाही.

फुलं हिरवी, पानासारखी येऊ लागली आणि पानं बारीक होऊन गुच्छ झाला, तर तो फायटोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूंचा रोग. तुडतुडे तो पसरवतात. औषध नाही, झाड ताबडतोब काढा, नाहीतर शेजारची झाडंही जातील.

बी उगवत नसेल तर ते बहुधा उघडं राहिलंय. सदाफुलीच्या बीला रुजायला अंधार लागतो, म्हणून पाव इंच माती वर घाला.

शेवटची चूक जिवावर बेतणारी आहे: मधुमेहासाठी पानं चावून खाणं. या झाडातूनच व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं मिळतात, आणि १९५८ च्या सुमारास कॅनडात यातलं व्हिन्ब्लास्टिन सापडलं तेच मधुमेहावरच्या पाल्याच्या काढ्याची तपासणी करताना. साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. सगळं झाड विषारी आहे. छाटणीनंतर हात धुवा आणि छाटलेला पाला गुरं-शेळ्यांपुढे टाकू नका.