साक्षीदार तुरुंगात असेल तर निघण्याआधी

आधी चौकशी, मग अर्ज. दिवाणी दाव्यातला आपला साक्षीदार शिक्षा लागलेला आहे की कच्चा कैदी, आणि शिक्षा लागलेला असेल तर सुटका कधी, एवढं कळल्याशिवाय कागदाला हात लावू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६-अ खाली कोर्ट त्याला हजर करण्याचा हुकूम देतं खरं. पण तो आजारी असल्याचा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला असेल, तो रिमांडवर असेल किंवा नेऊन परत आणण्याआधीच त्याची मुदत संपत असेल, तर अधीक्षक त्याला पाठवत नाहीत, कारणं लिहून कळवतात. ते पत्र बहुधा तारखेच्याच दिवशी हातात पडतं आणि तारीख फुकट जाते.

मग अंतर बघा. येरवड्याहून शिवाजीनगर कोर्ट जवळ आहे. तेच कोर्ट बारामतीचं असेल तर २५ किलोमीटरची अट आडवी येते: अंतर त्याहून जास्त असेल तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या कमिशनरने तुरुंगात जाऊन घेतलेली साक्ष पुरेशी ठरणार नाही, हे आधी कोर्टाला पटवावं लागतं. शिवाय बंदोबस्तासकट सगळा खर्च आपल्या पक्षकाराने हुकमाआधीच कोर्टात भरायचा असतो. पक्षकाराला हे पहिल्याच भेटीत सांगा, नंतर कुरकुर नको. कैदी परराज्यात असेल तर कमिशनच मागा.

कमिशन मिळालं की खरी तयारी सुरू होते. कोर्ट कमिशनर, दोन्ही बाजूंचे वकील आणि टंकलेखक यांची नावं, लॅपटॉप, प्रिंटर हे सगळं हुकमातच लिहून घ्या. दरवाज्यावरचा शिपाई कायदा ऐकत नाही, कागद बघतो. वेळ आणि खोली अधीक्षकांकडून लेखी घ्या. कमिशन परत करायची मुदत डायरीत ठळक लिहा. वाढवून हवी असेल तर ती संपण्याआधी अर्ज टाका.

मूळ दस्त कोर्टाच्या रेकॉर्डला असतात, हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही. ते कमिशनरकडे सोपवायचा हुकूम घ्या, प्रतींचे संच वेगळे करा. समोरच्या वकिलाने प्रश्नाला हरकत घेतली तर कमिशनर निकाल देत नाही. प्रश्न, उत्तर आणि हरकत नोंदवतो. विशेषाधिकाराची, म्हणजे वकील-अशिलातल्या बोलण्यासारखी कायद्याने गुप्त राखलेली गोष्ट विचारल्याची हरकत असेल तर मात्र उत्तर नोंदवलंच जात नाही, तो मुद्दा कोर्टापुढे जातो. असे प्रश्न शेवटी ठेवा.

साक्षीदारावर फौजदारी खटला चालू असेल तर त्याच्या त्या खटल्यातल्या वकिलाला आधी कळवा. न कळवता गेलात तर साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला तोंड मिटून बसेल, आणि माझ्या मते त्यात त्याचं काही चुकत नाही.

आणि चष्मा. एकदा आम्ही सगळे जय्यत तयारीने आत गेलो, खरेदीखत पुढे ठेवलं, तर साक्षीदाराला सहीच दिसेना. चष्मा मोडून बरेच दिवस झाले होते. तेव्हापासून अधीक्षकांना लिहायच्या पत्रात मी ती एक ओळ घालतो.