रेडलँडमध्ये फळबागेची जमीन घ्यायच्या विचारात असलेल्या नव्या मंडळींना

मायामी परिसरात नोकरीनिमित्त आलेली आपली माणसं कधीतरी शनिवार-रविवारी दक्षिणेला होमस्टेड गावाकडे फिरायला येतात. तिथल्या रेडलँड या शेतीपट्ट्यातल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी आंबा, लिची, चिकू, फणस बघतात आणि घरी जाऊन जमिनींचे भाव शोधायला बसतात. मग फोन येतो, पाच एकर घेतली तर परवडेल का? इतकी वर्षं इथे बाग सांभाळल्यावर माझं उत्तर पक्कं झालं आहे. इथे राहायला येणार असाल तर जरूर घ्या. लांबून, नुसती गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

कारण इथल्या जमिनीचा भाव फळांवर ठरत नाही. पश्चिमेला एव्हरग्लेड्सची दलदल, पूर्वेला शहर आणि मधल्या पट्ट्यात काउंटीने (म्हणजे जिल्हा प्रशासनाने) आखलेली शहरवाढीची हद्द. हद्दीबाहेरच्या शेती झोनमध्ये साधारण पाच एकरांना एक घर बांधता येतं. म्हणजे पाच एकरांचा तुकडा घेणारा बहुतेक वेळा मोठ्या अंगणाचं घर घेत असतो आणि तसेच पैसे मोजतो. एवढ्या कर्जाचा हप्ता आंब्या-लिचीतून निघत नाही. दलाल एकरी उत्पन्नाचा तक्ता दाखवेल, तो पूर्ण वाढलेल्या झाडांचा आणि वादळ न आलेल्या वर्षाचा असतो. तेच घरची माणसं जागेवर असली, छाटणी-फवारणीकडे स्वतः बघत असली आणि फळ थेट गिऱ्हाइकाला विकत असली, तर बाग आपला खर्च भागवून वर काही देते.

आता जमीन. कोकणातला माणूस इथली माती पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा बावचळतो. मातीच नसते. पांढरट चुनखडीचा कातळ, त्यावर काही इंचांचा खडीसारखा थर. बाग लावण्याआधी जड यंत्राने कातळ वरवर फोडतात, मग उभे-आडवे चर खणतात, दीड ते दोन फूट खोल. जिथे दोन चर एकमेकांना छेदतात तिथे झाड लावायचं. जुनी बाग विकत घेत असाल तर चर खणलेले आहेत का हे आधी विचारा. नसतील तर मुळांना खाली जागाच नाही.

या खडकाचं दुसरं लक्षण पानांवर दिसतं. आपल्याकडची जांभ्याची माती आम्लधर्मी, ही उलट, अल्कधर्मी. त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशी पालवी बागभर दिसली तर मालकाने खतपाण्यात हात आखडला आहे असं समजा. साधं हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकून इथे उपयोग होत नाही, ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला घेता येईल असं लोह, मुळाशी पाण्यातून द्यावं लागतं आणि ते महाग पडतं.

वाऱ्याबद्दल इथले जुने शेतकरी अजून २४ ऑगस्ट १९९२ ची तारीख सांगतात. त्या पहाटे अँड्र्यू वादळ थेट होमस्टेडवर आलं आणि बागाच्या बागा उपटून गेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मा आलं तेव्हा झाडावरचा अव्होकॅडो जमिनीवर पडला. म्हणून इथे झाड उंच वाढू देत नाहीत. दहा-पंधरा फुटांवर छाटलेली बाग दिसायला बुटकी वाटेल, पण वादळात टिकायची शक्यता तिचीच जास्त. थंडीचीही सोय बघा. जानेवारीतल्या एखाद्या रात्री पारा गोठणबिंदूकडे जातो तेव्हा झाडं गोठू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात. तेवढं पाणी देणारी विहीर आणि पंप जागेवर आहे का, हे व्यवहाराआधी चालवून बघा.

हापूसची हौस सगळ्यांना असते. कलमं इथल्या रोपवाटिकांत मिळतात, मिळत नाही ते हवामान. कोकणात हापूस पावसाच्या आत उतरतो, इथे मे-जूनपासून पाऊस चालू आणि फळ त्याच पावसात तयार होतं. करपा (बुरशीचा रोग) धरतो, फळधारणाही कमीच. घरापुरती दोन-चार झाडं जरूर लावा, धंद्याचा हिशेब त्यावर मांडू नका. चिकू मात्र या खडकात छान रुजतो, वाराही सोसतो. फणसही चांगला येतो आणि भारतीय, व्हिएतनामी, कॅरिबियन गिऱ्हाईक त्याला आपण होऊन येतं. गावाहून कलमकाडी किंवा कोय सामानात घालून आणू नका. भारतातला आंबा २००७ पासून अमेरिकेत येतो तोसुद्धा विकिरण करूनच, कारण कोयीतला भुंगा.

अव्होकॅडोची तयार बाग स्वस्तात मिळत असेल तर दहा वेळा विचार करा. आशियातून आलेला एक भुंगेरा २००२ मध्ये जॉर्जियात सापडला. तो सोबत मर रोगाची बुरशी आणतो, ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते आणि काही आठवड्यांत झाड वाळतं. शेजारच्या झाडाला मुळांतून लागण होते. बाग बघताना खोडाजवळ जा. बारीक भुशाच्या काड्या खोडातून बाहेर आलेल्या दिसल्या, किंवा फांदीवर वाळकी पानं न गळता तशीच लोंबत असली, तर पुढची बोलणी थांबवा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. इथे जमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागत नाही. सातबाराही नाही, काउंटीच्या मूल्यमापन कार्यालयात फोलिओ नंबर टाकला की मालकी आणि कर दिसतो. मालकी हक्काचा शोध आणि टायटल इन्शुरन्स (मालकीच्या वादापासून संरक्षण देणारा विमा) टाळू नका. पाणथळ क्षेत्राची चौकशी करा, एव्हरग्लेड्सकडचा स्वस्त तुकडा अनेकदा त्याचमुळे स्वस्त असतो. शेतीच्या करसवलतीचा अर्ज १ मार्चपर्यंत करायचा. मालक बदलला की नव्याने करायचा आणि खरोखर विक्रीसाठी शेती चालू आहे हे दाखवायचं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर जमीन नावावर करता येते, पण काम फक्त कंपनीचंच करता येतं. बागेत राबून फळं विकणं त्यात बसत नाही. आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ग्रीन कार्ड नसेल तर १९७८ च्या परदेशी मालकीच्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीची माहिती ९० दिवसांत अमेरिकेच्या कृषी खात्याला कळवावी लागते. जमीन दहा एकरांपर्यंत आणि वर्षाची शेतमालाची विक्री हजार डॉलरपर्यंत असेल तरच सूट. दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्यात काही देशांच्या नागरिकांना बंदी आहे. भारत त्यात नाही, पण आपण त्या बंदीत बसत नाही असं प्रतिज्ञापत्र खरेदीदाराला द्यावंच लागतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. इथली जमीन घेण्यासाठी गावची विकू नका. अनिवासी भारतीयाला भारतात वारसाने आलेली शेती ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. एकदा गेली की गेली.

होमस्टेडलाच फ्लोरिडा विद्यापीठाचं उष्ण कटिबंधीय फळांचं संशोधन केंद्र आहे, मातीपासून किडीपर्यंत तिथली माणसं मनापासून सांगतात. जमीन बघायला मात्र सप्टेंबरात या, भर पावसाच्या दुसऱ्या दिवशी. पाणी कुठे साचतं ते तेव्हा दिसतं.